डोक्याची परीक्षा

"आज वार कुठला?" रोशेलने अंडी-टोस्टचं ताट पुढ्यात ठेवत विचारलं.

"मंगळवार."

"बुधवार."

"बुधवारच म्हणणार होतो," डेल म्हणाला आणि खाऊ लागला.

शनिवारच्या सामन्यात डेल निएमी जाळीमागच्या कोपऱ्यात चकती काढायला गेला होता. आइस हॉकीत बचावपटूचं कामच ते. समोर कठडा, पाठीमागून कोणीतरी भरधाव येतंय हे ठाऊक असताना मान खाली घालून चकती काढायची. कोणीतरी आलं. डेल आपटला, उठला, बाकावर जाऊन बसला, पण दुसऱ्या संघाच्या. त्यांच्यातल्याच एकाने दंडाला धरून त्याला पोहोचवून दिलं. प्रेक्षक खो खो हसले. घरी टीव्हीपुढे बसलेल्या रोशेलला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून डेलला काही वाटेनासं झालं होतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. कॉफीला चव नव्हती, एवढंच. बायको रडली की वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. ते वाटत नव्हतं, आणि त्याचंही त्याला फारसं काही वाटत नव्हतं.

"दहाला डॉक्टरांकडे परीक्षा आहे," ती म्हणाली. "आपलं काय ठरलंय?"

"परीक्षा म्हणेल ते."

"नापास झालास तर?"

"तर संपलं. तुझ्या भावाच्या गॅरेजात जाईन. नाहीतरी तो टपूनच बसलाय मला साहेबगिरी दाखवायला."

त्याच्या वयाच्या बचावपटूला निम्मा हंगाम बाहेर बसवला की पुढच्या वर्षी त्याला कुत्रंही विचारत नाही, हे सडबरी गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"आणि पास झालास तर मी एक अक्षर बोलणार नाही. शुक्रवारी खेळ खुशाल. पण आज खरी परीक्षा दे, डेल. जीव तोडून दे. लबाडी नको."

"नाही करणार."

तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि त्याची टोपी कानांवर ओढून दिली. डेलने गाडीचं इंजिन गरम ठेवणारी वायर भिंतीतून उपटली आणि तो निघाला.

मैदानाच्या दाराशीच फर्न गिंग्रास भेटला. जन्मभर बचावपटू म्हणून खेळला, आता बचावपटूंना शिकवत होता. पुढचे दात केव्हाच बर्फावर राहिले होते. डेलला घडवलं ते यानेच.

"काय रे, सुतकी तोंड का?"

"परीक्षा आहे ना."

"मग? सप्टेंबरची मी सांगितली तशीच दिली होतीस ना?"

"दिली होती."

"मग लेका, घाम कशाला फुटतोय? शुक्रवारी तू मला कोपऱ्यात हवास. शनिवारी तुला झोपवणारा तो दांडगा परत येतोय. त्याचा सत्कार कोण करणार, मी?"

डॉक्टर पेल्कीबाईंनी त्याला संगणकापुढे बसवलं. "नियम माहीत आहे ना? सप्टेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, डोकं धड असताना ही परीक्षा घेतली. तीच आज पुन्हा. दोन्ही जुळल्या तर तू मोकळा, नाही तर घरी."

"माहीत आहे."

"तसे सप्टेंबरातही तू काही दिवे लावले नव्हतेस म्हणा. तुम्हा बचावपटूंचं सगळ्यांचंच असं. डोकं फक्त शिरस्त्राण अडकवायला ठेवलंय का रे?"

"असेल," डेल म्हणाला.

पडद्यावर शब्द येऊन गेले. बादली, शिडी, कांदा, अस्वल. मग आकृत्या आल्या, मग रंग, मग आकडे. डेल इतका मन लावून शाळेतही कधी बसला नव्हता. मघाचे शब्द पुन्हा विचारले तेव्हा त्याने डोळे मिटून एकेक वर ओढून काढला. शिडी आली होती की शिट्टी? शिडी. नक्की शिडीच. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी वाटलं, आणि ती आशा होती. जमतंय आपल्याला, डोकं अजून चालतंय. उठला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

डॉक्टरबाईंनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी लावले. डेलने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"जुळी भावंडं," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरात जेवढं, आज तेवढंच. शुक्रवारी खेळायला मोकळा."

"नक्की?"

"यंत्राचं तुझ्याशी काय वाकडं आहे?"

"पुन्हा एकदा बघता, डॉक्टर?"

"अरे, पास झालास तू! लोक नापास झाल्यावर पुन्हा बघायला लावतात." हसत हसत त्यांनी त्याला दाराबाहेर काढलं.

बाहेर फर्नने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की शनिवारचा धक्का परवडला. "सांगितलं नव्हतं? चल, कपडे बदल. सरावाला उशीर करू नकोस."

कपडे बदलायच्या खोलीत त्याने रोशेलला फोन लावला. निकाल ऐकून ती हुंदके देऊन रडली.

"म्हणजे तुझं डोकं शाबूत आहे," ती म्हणाली. "मी वेडी, रात्र रात्र जागून नको नको ते बघत बसले. खरं सांग, नीट दिलीस ना? लबाडी नाही ना केलीस आज?"

"नाही. शपथ."

"मग मी बोलणार नाही. खेळ तू. रात्री तुझ्या आवडीचं मटार सूप करते."

"कर," डेल म्हणाला.

त्याने फोन ठेवला आणि स्केटच्या नाड्या आवळायला घेतल्या. बायकोला दिलेला शब्द त्याने पाळला होता. आज एकही उत्तर त्याने हातचं राखून दिलं नव्हतं. सप्टेंबरात मात्र, फर्न आपल्या सगळ्या बचावपटूंना शिकवतो तसं, त्याने निम्मी उत्तरं मुद्दाम चुकवली होती.