बहिरी धवलारीण

२०१७ सालचा वैशाख. काशिरामच्या नातीच्या, समृद्धीच्या हळदीला एक दिवस उरला होता आणि त्याची भावजय गंगाबाई त्याच्याच ओटीवर जात्यावर हळकुंडं दळत होती. पनवेलजवळच्या कोन गावात आगऱ्यांचं लग्न धवलारणीच्या गाण्यांशिवाय लागत नाही. जुने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, अख्खे पाठ असलेली ती एकटीच उरली होती. म्हणून भांडण असूनही काशिरामने तिला बोलावणं धाडलं होतं.

"बहिरी झाली तरी गला शाबूत हाय म्हातारीचा," बायका हसायच्या.

बहिरी काशिरामनेच केली होती. एकोणीस वर्षांपूर्वी फाट्यावरच्या जागेवरून त्याने विधवा भावजयीच्या कानशिलात अशी लगावली, की कानातून रक्ताची धार लागली. चार महिन्यांनी उजव्या कानाने पुन्हा ऐकू येऊ लागलं. हे तिने मुलाला, कुमारला, तेवढं सांगितलं आणि पुढे त्याच्या लेकीला, पूर्वीला. बहिऱ्यासमोर माणसं मोकळी बोलतात. त्या जोरावर तिने काशिरामचे दोन डाव उधळले होते. जागा अजून कुमारच्याच नावावर होती.

पूर्वी नुकतीच बारावीला गेली होती. मागच्याच आठवड्यात ती पुस्तक घेऊन आजीला चिकटून बसली होती.

"आजी, इंग्रजीत तुझ्यासाठी एक म्हण आहे. टर्न अ डेफ इअर. बहिरा कान पुढे करायचा."

"म्हंजे बहिऱ्याला म्हनतात?"

"नाही गं! ऐकू येतं, पण ऐकायचं नाही, त्याला. सहाशे वर्षं जुनी आहे. त्याच्याही आधी बायबलात एक नाग आहे म्हणे. गारुड्याचं ऐकू नये म्हणून कान बंद करून बसतो."

"नागाला कान कुठशी आले?" गंगाबाई खुदकन हसली. "आनि माजं तं उलटंच हाय. मी सगलं आयकते."

आता ओटीवर काशिराम आणि त्याचा मुलगा प्रितम येऊन टेकले.

"उद्या कुमार कलंबोलीशी कामावरून हायवेनंच येनार," काशिराम म्हणाला. "पुलाखाली ट्रक उभा ठेव. चाकाखाली गेला का पोलीस अपघातच लिवतील."

"आनि ही?"

"हिच्या कानाशी ढोल बडव, तरी नाय आयकाची."

गंगाबाईने जात्याचा खुंटा सोडला नाही. धवल्याची ओळही तुटू दिली नाही.

संध्याकाळी तिने कुमारचे दोन्ही हात धरले. "नको जाव हलदीला."

"आये, भावकीची हलद हाय. नाय गेलो तं माज्या तिरडीला खांदा द्याला कोन येल?"

"मंग हायवे सोड. शेतातल्या बांधावरून ये, दुसरी वाट तीच."

कुमारने कळंबोलीच्या लोखंडबाजारातल्या मितेशची मोटरसायकल मागितली. नवी वाट त्या एकाच मित्राला सांगितली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता स्पीकरच्या दणक्याने मांडवाचे वासे हादरत होते. गंगाबाई समृद्धीची हळद कालवत होती, तेवढ्यात कोणीतरी ओरडत आलं. बांधावर तिघांनी कोयत्यांनी कुमारला तोडला होता. उजवा पंजा मनगटापासून वेगळा पडला होता. मानेवर दोन घाव होते. तरी तो गावाच्या दिशेने वीस पावलं सरपटत आला होता.

प्रेत मांडवात आणलं, तोच मितेश धावत पोचला. गंगाबाईने रक्ताने आणि हळदीने भरलेलं बोट त्याच्यावर रोखलं.

"यालाच ठाव व्हती वाट! यानंच इकला माजा पोर!"

लोकांनी मांडवाचे बांबू उपसले. मितेश हात जोडत राहिला. त्याचा डावा डोळा फुटला आणि गुडघ्याचा चुरा झाला, तेव्हा कुठे ते थांबले.

मारेकरी सापडले नाहीत. मितेशवर काही सिद्ध झालं नाही, पण बायको त्याला सोडून गेली. तो आता उरणला बहिणीकडे असतो, कुबडी घेऊन. कुमारची लेक पूर्वी पनवेलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. प्रितमने फाट्यावरची जागा बळकावून तिथे ढाबा काढला. समृद्धीच्या मुलाचं बारसं धवलारणीवाचून झालं, कारण गंगाबाईने पुन्हा गाणं म्हटलं नाही.

काशिरामला २०२१ साली अर्धांगवायू झाला. रीत म्हणून गंगाबाई त्याला बघायला गेली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू बोलला.

"वैनी, मितेशनं काय नाय केला. पुलाखाली ट्रक नव्हताच, ते तुज्या कानासाठीच बोललो व्हतो. मानसं सकालपास्नं बांधावरच व्हती, तू पोराला कवा धाडतेस ते बघत."