कोळ्याचा मुक्काम

खेकडा-कोळी नेमका कुठे राहतो, या प्रश्नाचा कायमचा निकाल त्या दिवशी छापखाना बंद व्हायच्या आत लागणार होता. या ऐतिहासिक क्षणाला संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर तिघं जण हजर होते, आणि त्यातली एक नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. प्रसंग मोठा म्हणून तिने टेबलावर ठेवायला थोडी पांढरी शेवंतीही आणली होती.

नवऱ्याला संग्रहालयात सगळे अष्टपाद म्हणत, तोंडावर सर. जाळं विणायच्या भानगडीत न पडता फुलावर दबा धरून बसणारा, पिवळ्यावर पिवळा आणि पांढऱ्यावर पांढरा होणारा हा प्राणी अष्टपादांनी उभा जन्म डोंगरात शोधला होता, आणि बायकोलाही शोधायला लावला होता. जिथे कोळी, तिथे सुट्टी, असा घरचा नियम. बायकोला समुद्र बघायचा होता. समुद्रावर कोळी नसतो, म्हणून समुद्र राहून गेला होता. तिने कुरकुर केली की अष्टपाद म्हणायचे, अगं, घरापाशी सापडला असता तर मी सुट्टीत घरीच बसलो असतो.

नकाशा काढणाऱ्या मुलीने छापायची शेवटची प्रत भिंतीवर लावली होती. डोंगरभर लाल ठिपके. किनारा राखाडी, म्हणजे इथे कोळी नाही. आज हे छापलं की समुद्राचा विषय संपला. बायकोने चष्मा चढवला आणि पहिल्यांदाच नकाशा नीट पाहिला.

"हे माझ्या भावाचं घर," ती एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली. पुढचा ठिपका म्हणजे गरम पाणी मिळायचं ते विश्रामगृह. एका वळणावर तीन ठिपके एकमेकांना खेटून होते. तिथे गाडी बंद पडली होती, आणि मेकॅनिक संध्याकाळी आला होता.

"अहो, हा कोळी आपल्या मागनं हिंडतो का?"

नकाशावालीला अचानक खोकला आला.

अष्टपादांनी किनाऱ्यावर तो नसतोच म्हणून सांगितलं. तिथे शोधलात का, असं बायकोने विचारलं. तरुणपणी एका परिषदेला गेले होते, पण सभागृहाबाहेर पडले नव्हते, असं निघालं. मग ते बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. माणूस प्रामाणिक होता, त्याला इलाज नव्हता.

"राखाडी काढ," ते शेवटी नकाशावालीला म्हणाले. "अजून पाहिलेलं नाही, असं लिही. छपाई थांबव." मग बायकोकडे वळून, जणू आपल्यालाच सुचलं असावं अशा गंभीरपणे म्हणाले, "समुद्राकडे जावं लागणार. निदान पंधरा दिवस."

"आता विज्ञानासाठी म्हटल्यावर काय," बायको म्हणाली, "जाऊ की."

अष्टपाद रजा मागायला खाली गेले. बायकोने गुणगुणत डबा उघडला, फुलं जरा बाजूला सरकवली, आणि तिचा हात थबकला. शेवंतीच्या पाकळ्यांत, पुढचे पाय मिठी मारायला पसरावेत तसे पसरून, एक पांढराशुभ्र कोळी बसला होता. इतक्या वर्षांत ती त्याला नवऱ्याच्या आधी ओळखायला शिकली होती.

तिने मान वर केली. नकाशावाली बघत होती.

"मला काही दिसत नाही हं, काकू," नकाशावाली नाकावरचा चष्मा वर सरकवत म्हणाली.

बायकोने ते फूल अलगद उचललं, खिडकी उघडली आणि बाहेरच्या वेलीवर कोळ्यासकट नीट ठेवून दिलं. तेवढ्यात अष्टपाद वर आले. रजा मंजूर झाली होती. ते खुशीत टेबलाशी बसले, आणि फुलं छान आहेत, कुठून आणलीस, असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.

"बाजारातून," बायको म्हणाली, आणि तिने त्यांना वाढलं.

फुलं त्यांच्याच घराच्या फाटकाजवळची होती.