राणीचं नाक

सून रिनानं ऑनलाइन मागवलेला राणीछाप रुपया माझ्या हातात ठेवला.

"बाबा, खरा हाय का खोटा? आईच्या माळेतल्या रुपयांशी लावून पाहा न."

माळ माझ्या बायकोच्या पेटीत होती. केसर गेल्यापासून मी ती पेटी उघडली नव्हती. धानाची पोती सरकवून आज उघडली. केसरच्या गळ्यावर घासून तिच्या रुपयांवरची राणी पुसट झाली होती. या नव्या राणीचं नाक टोकदार होतं. शिवाय चुंबक लावून पाहिला, तर हा रुपया त्याला चिकटला.

"फसवलं तुले, पोरी. चांदी चुंबकाले चिकटत नाई."

"मले माहीत होतं, बाबा. मोबाईलवर नक्कल म्हणूनच लिहून होतं," रिना म्हणाली आणि केसरची लुगडी उन्हात टाकायला काढू लागली.

मी अंगणात दोरी बांधून दिली.