लाल ठिपका

स्पार्क प्लग तुटला तेव्हा फारसा आवाज झाला नाही. पाना एकदम हलका झाला आणि मिस्त्री त्याच्यासकट पुढे झुकले. पान्यात प्लगचा वरचा भाग अडकून आला होता, पांढरी चिनी माती आणि तिच्याखालचा षटकोनी नट. आट्यांचा भाग इंजिनातच राहिला.

"कुठल्या गाढवाने आवळलाय हा?" मिस्त्री म्हणाले. "मी बसवला त्यानंतर गाडी कुठे दाखवलीस रे?"

ड्रायव्हरने तोंड उघडलं. मिस्त्रींची बायको पान्यातून तुकडा काढत होती. तीस-पस्तीस वर्षं ती त्यांच्या हातात हत्यारं देत आली होती. कुठलं हवं ते त्यांना सांगावं लागत नसे. नटावरची काजळी तिने अंगठ्याने पुसली. खाली मसुराएवढा लाल ठिपका होता. आवळून झालेल्या प्रत्येक प्लगवर मिस्त्री काडीने असा ठिपका देत. तीच त्यांची सही.

तिने मूठ मिटली आणि ड्रायव्हरकडे पाहून हळूच नकारार्थी मान हलवली.

"प्रवासात दाखवली होती एकदा," ड्रायव्हर म्हणाला.

"मग आताही त्याच्याकडेच जायचं होतंस."

"तो तुमच्यासारख्या शिव्या देत नाही, मिस्त्री. करमत नाही."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी आट्यांच्या कडेने थेंब थेंब तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत स्टुलावर बसून राहिले. उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आले होते. परवा तापल्या सायलेन्सरवर हात टेकला होता आणि करपल्याचा वास आल्यावरच उचलला होता. "निबर झालेत हात," एवढंच तेव्हा म्हणाले होते. बायकोने तुकडा एप्रनच्या खिशात टाकला.

तेल मुरल्यावर त्यांनी अडकलेला तुकडा ओढून काढायची उलट्या आट्यांची खीळ तुटक्या प्लगच्या पोकळीत ठेवली. टोकाला ग्रीस लावलं, म्हणजे लोखंडाचे कपचे त्याला चिकटतील. एखादा आत पडला तर सिलिंडर ओरबाडला जाणार, मग इंजिनचं अख्खं हेड उतरवायचं. हातोडीने दोन हलके ठोके दिले आणि खिळीचा दांडा डावीकडे फिरवायला घेतला. सावकाश, डोळे मिटून. हे काम डोळ्यांचं नाही, बोटांचं, असं ते नेहमी सांगत.

"पकडलं," ते म्हणाले.

खिळीच्या कडेने लोखंडाचा चुरा वर येत होता.

"अहो, थांबा. नुसतीच फिरतेय ती."

त्यांनी डोळे उघडले. चुरा पाहिला. ड्रायव्हर उगाच टायरकडे बघू लागला.

"हात लाव," ते म्हणाले.

"कशाला?"

"लाव म्हटलं ना."

त्यांनी चुरा फडक्याने टिपला, खीळ पुन्हा बसवली, या वेळी ठोके जरा जोरात दिले. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. दांडा दोघांनी मिळून ओढला. काहीच झालं नाही. मग पुन्हा.

"सरकला," ती म्हणाली.

मिस्त्रींनी दांड्याकडे पाहिलं. त्यांचा हात तिच्या हाताखाली होता, लोखंडाला लागून.

"कधी?"

"आत्ता. थोडासाच."

"बरं," ते म्हणाले. "तू सांगत राहा."

ती सांगत राहिली. सरकला. अडला. जरा मागे घ्या. आता पुन्हा. शेवटी आट्यांचं नळकांडं खिळीला धरून बाहेर आलं. आत राहिलेला चुरा उडून जावा म्हणून ड्रायव्हरने गाडीत बसून स्टार्टर मारला. भोकातून हवेचे फुत्कार आले, तेलाचे शिंतोडे उडाले. मिस्त्रींनी टॉर्च लावून आत पाहिलं, मग तिलाही पाहायला लावलं. आत कपचा नव्हता.

नवा प्लग त्यांनी बोटांनीच फिरवत खाली नेला. तो टेकल्यावर पाना तिच्यापुढे धरला.

"आवळ."

"मी?"

"टेकलाय. तिथून अर्धा फेरा. पुढे एक केसभरही नाही."

तिने आवळला. अर्ध्यावर येऊन थांबली. त्यांनी मान हलवली. पाना ठेवून ती फळीकडे गेली आणि लाल रंगाचा डबा काढून काडी शोधू लागली.

"लाल नको," मिस्त्री म्हणाले.

तिने लाल डबा परत ठेवला. फळीवर भिंतीचा उरलेला पांढरा रंग होता. तिने तो उघडला, वरची साय बाजूला केली आणि नव्या प्लगवर पांढरा ठिपका दिला. तो जरा लांबट झाला.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. ड्रायव्हरने खिडकीतून हात केला आणि एरवीपेक्षा हळू गाडी बाहेर काढली. आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

मिस्त्रींनी तिच्यासमोर तळवा पसरला.

"काय?" ती म्हणाली.

"खिशातलं."

तिने तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली, आणि तो हातात आला आहे ना, हे खाली वाकून पाहिलं.