पाण्यातला पूर्वज

प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावर उत्खननातल्या दाताच्या भुकटीची, डीएनए असल्याचं सांगणारी रेघ चढली आणि सरांना आकाश ठेंगणं झालं. हजारो वर्षं जुन्या पूर्वजाचा डीएनए हाती लागला होता! पाठोपाठ शेजारच्या नळीचीही रेघ चढली, तशी विद्यार्थिनी खुर्चीतून उठली. त्या नळीत नुसतं पाणी होतं, भेसळ पकडायला मुद्दाम ठेवलेलं. म्हणजे दोन्हींत कुणा जित्याजागत्या माणसाचा डीएनए पडला होता. कुणाचा ते सांगायला ज्योतिषी नको होता. मास्क हनुवटीला लटकवून उघड्या नळ्यांवर बडबडणारे एकटे सरच. "सगळं फेकून पुन्हा करू, सर." "वेड लागलंय? ती पाण्याची नळी तेवढी फेक. बाहेर पत्रकार ताटकळलेत!" बोलताना थुंकीचा थेंब तिच्या गालावर उडाला. शी! तरी तिने तो पुसला नाही. कापसाच्या बोळ्याने टिपून कोऱ्या नळीत टाकला, झाकण दाबलं. "हे काय?" सर खेकसले. "तुमचा पूर्वज."