मर्लची हत्यारं

ऑरिन टिबेट्सनं कचऱ्याच्या कंटेनरमध्ये डोकावून पाहिलं आणि त्याची कानशिलं तापली. मोडकी खुर्ची आणि जुनी गादी यांच्या शेजारी स्टॅन्ली कंपनीचे रंधे पडले होते. गिरमिटं होती, शिसवी मुठींच्या पटाश्या होत्या, आणि एका खोक्यात त्या त्या कारखान्यांचे कॅटलॉग. त्याच्या आजोबांच्या वेळचे.

सकाळी बर्निसचा, मर्लच्या शेजारणीचा, फोन आला होता. "मर्लचं घर रिकामं करतायत. हत्यारं कचऱ्यात चाललीत," एवढं सांगून तिनं ठेवून दिला होता.

मर्लचा मुलगा क्लेटन पायरीवर बसून कॉफी पीत होता. "या, ऑरिनकाका," तो म्हणाला, जणू काका काल संध्याकाळीच येऊन गेले होते.

खरं तर कित्येक वर्षांत ऑरिननं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. त्याआधी तो आणि मर्ल मिळून मेन राज्यातले सगळे जुने बाजार पालथे घालायचे. शनिवार उजाडला की पिकअप काढायची, वाटेत डोनट खायचे, आणि कुणाच्या तरी कोठारातून गंजलेलं काहीतरी हुडकून आणायचं. मग एका लिलावात ऑरिननं आधी हेरलेला कॅटलॉग मर्लनं त्याच्या डोळ्यांदेखत उचलला. भर लोकांत ऑरिन म्हणाला, यापुढे तुझ्या घरचा खिळासुद्धा मला नको. मर्लनं पुढं तोच कॅटलॉग टपालानं पाठवून दिला, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा ऑरिननं पुडकं न फोडता परत केलं.

आणि आता हे. म्हणजे मर्ल गेला, आणि कुणी कळवलंसुद्धा नाही. भांडण होतं ते दोघांचं होतं. दफनाला येऊन उभं राहण्याइतका तरी हक्क त्याला होता. येताना गाडीत तो सारखं हेच घोकत आला होता.

"हे काय चालवलंयस तू?"

"घर रिकामं करतोय, काका. महिनाअखेर नव्या मालकाला चाव्या द्यायच्यात."

"आणि ही हत्यारं?"

क्लेटननं खांदे उडवले. "मला काय कळतंय त्यातलं. गंजकं लोखंड."

ऑरिननं वरचा एक रंधा उचलला आणि त्याच्या नाकापुढं धरला. "दाखव गंज. कुठंय दाखव. तुझ्या बापानं हिवाळेच्या हिवाळे तळघरात बसून हे घासले. तुला दात येत होते तेव्हा एका हातानं तुला धरायचा आणि दुसऱ्या हातानं पातं पुसायचा. लाज कशी नाही वाटत?"

"लागत असेल तर घेऊन जा की."

"घेऊन जा म्हणे. मी भंगारवाला वाटलो तुला?"

"मग राहू द्या. दुपारी ट्रक येतोय उचलायला."

ऑरिननं कोट काढून कुंपणावर टाकला आणि दुखऱ्या गुडघ्यासकट कंटेनरच्या काठावरून आत उतरला.

वरचे दोन-चार रंधे तेवढे उघडे होते. खालचं सगळं तेलकट फडक्यांत गुंडाळलेलं होतं. कॅटलॉगांवर प्लास्टिक होतं, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं. मर्लचाच हात. शेवटपर्यंत जपलं होतं त्यानं. ऑरिनचा राग आणखीच वाढला.

क्लेटन कप ठेवून मदतीला आला. ऑरिननं त्याचा हात झटकला. तरी तो एकेक खोकं घेऊन पिकअपमध्ये नीट लावत राहिला.

"ते कोपऱ्यातलं राहिलं, काका. आणि गादीखाली करवती आहेत."

"गादीखाली," ऑरिन पुटपुटला. "बापाचं काय केलंस? की त्यालाही असाच टाकलास कचऱ्यात?"

क्लेटन पाठ वळवून सामानावर दोरी आवळत बसला. त्याचे खांदे हलत होते. रडतोय, असं ऑरिनला वाटलं, आणि मनातून जरा बरं वाटलं.

पिकअप भरली. निघताना ऑरिननं काच खाली केली. "तुझ्यासारखा मुलगा असण्यापेक्षा मी बिनपोराचा बरा," तो म्हणाला आणि धूळ उडवत निघून गेला.

चौकात थांबल्यावर मात्र त्याचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. मागं सगळी हत्यारं होती, आणि ज्याची ती होती त्याला कुठं पुरलंय हेसुद्धा त्यानं धड विचारलं नव्हतं. विचारलं ते टोमणा मारायला. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. ऑरिननं गाडी वळवली.

अंगणात कुणी नव्हतं. तो घराला वळसा घालून मागं गेला. क्लेटन मागच्या दारात पाठमोरा बसला होता, बुटांची माती खरवडत. फोन स्पीकरवर टाकून शेजारी फरशीवर ठेवलेला होता.

"एकूण एक नेलं, बाबा," क्लेटन सांगत होता. "गादीखालचंसुद्धा. मला शिव्याही पोटभर दिल्या."

फोनमधून आधी खोकला आला, मग बारीक झालेला, धापा टाकणारा आवाज. "शिव्या दिल्या ना? मग जिवापाड जपेल. घे म्हणालो असतो तर त्या रस्त्यालाही फिरकला नसता तो." मागून नर्सनं औषधाची आठवण केली; तिला थांबवून त्यानं विचारलं, "कसा दिसतो रे आता ऑरिन?"