लांब बाह्या

रत्नाची आई मूकपटांतली बालतारका. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळात तिच्या स्मरणार्थ तिचाच सिनेमा लावला होता. पडद्यावर सहा वर्षांची आई पेटलेल्या झोपडीत अडकली होती. कॅमेऱ्यामागे तिचेच वडील. तिचे ओठ हलले आणि पाटी आली, “देवा, धाव!” टाळ्या कडाडल्या. “आई, आजीची अ‍ॅक्टिंग बघ!” सिनेमा लावून लॅपटॉपपाशी बसलेला रत्नाचा मुलगा अनीश म्हणाला. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या रत्नानं ते त्याच्या ओठांवरून वाचलं. आईचे ओठ तर तिला पाठ होते. आई देवाला हाक मारतच नव्हती. “बाबा, थांबवा, हात खरंच भाजतोय,” म्हणत होती. इथल्या उकाड्यातही आई तो हात लांब बाह्यांखाली झाकायची आणि स्टोव्हनं भाजल्याचं सांगायची. “थांबव,” रत्ना म्हणाली. टाळ्यांत अनीशला ते ऐकू गेलं नाही. “वन्समोअर!” लोक ओरडले. अनीशनं सीन मागे नेला. झोपडी पुन्हा पेटली.